जॉकी उतरवण्याआधी : घोडेमालकांना तेरहून पत्र

तेर, जिल्हा धाराशिव

मुंबई आणि पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे पळवणाऱ्या सर्व मालकांस,



हे पत्र तेरहून येत आहे. तेरणेच्या काठचं हे गाव एकेकाळी तगर नावाने ओळखलं जाई आणि इथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई. आज लोक त्याला संत गोरोबाकाका कुंभारांचं गाव म्हणून ओळखतात. इथे रेसकोर्स नाही. पण जनावर आणि त्याला पळवणारा माणूस यांच्याविषयी या मुलखाला थोडंफार कळतं. शिवाय माणूस कच्चा की पक्का हे पारखण्याची एक गोष्ट तेरच्या नावावरच जमा आहे. ती पुढे येईलच.

प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. घोडा उमदा, खुराक चोख, ट्रेनर नावाजलेला, आणि तरी ओळीने चार-पाच शर्यतींत घोडा मागेच राहतो. पाठीवर दर वेळी तोच जॉकी. मग स्टँडमध्ये कुणीतरी म्हणतं, घोड्यात खोट नाही, वरचा माणूस बदला. दुसरा मान डोलावतो. पुढच्या शर्यतीची यादी निघते तेव्हा त्या घोड्यासमोर वेगळंच नाव असतं. जुन्या जॉकीला हे कळतं ते यादी वाचूनच, आणि तोवर ती सगळ्या रेसकोर्सने वाचलेली असते.

बदल करावा की नाही, यावर तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटतात. बदल कशासाठी, हे विचारणारे कमी.

मालकांची बाजू आधी मांडली पाहिजे, कारण ती लटकी नाही. मराठीत एक जुनं कोडं आहे : पान का सडलं, घोडा का अडला, भाकरी का करपली? तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. मालक नेमकं हेच म्हणतात. घोड्याची उमेद फार थोड्या वर्षांची. इंडियन डर्बी १९४३ पासून होते आहे आणि ती चार वर्षांच्या घोड्यांसाठीच असते. म्हणजे एका घोड्याच्या आयुष्यात ती एकदाच येते. महालक्ष्मीवरचे ते २४०० मीटर जेमतेम अडीच मिनिटांत संपतात. त्या अडीच मिनिटांसाठी मालकाने घोड्याच्या जन्मापासून पैसा ओतलेला असतो. घोडा जिंको वा हरो, चारा, नालबंद, डॉक्टर, ट्रेनर यांची बिलं थांबत नाहीत. अशा वेळी जॉकीला सूर सापडेपर्यंत थांबा असं मालकाला सांगणं सोपं आहे. पण जॉकीला सूर सापडेपर्यंत घोड्याचं वय थांबत नाही.

आणि घोडा मालकाचा आहे, हेही खरं. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. आजचा जॉकी बारगीर आहे. घोडा त्याचा नाही, आणि अंगावरचा रंगीत सदराही त्याचा नाही. त्या सदऱ्याचे रंग मालकाच्या नावावर नोंदलेले असतात.

पण शिवकाळातल्या पागेची रचना नीट पाहावी. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंदही असे. घोडं लंगडलं तर एकट्या बारगिराला जाब विचारून काम भागत नसे. पाणी कुणी पाजलं, नाल कुणी ठोकला, हेही विचारावं लागे. आजच्या शर्यतीच्या घोड्यामागे तर याहून मोठा गोतावळा आहे : ट्रेनर, त्याचा मदतनीस, मोतद्दार, सकाळच्या सरावाला बसणारा पोरगा, नालबंद, डॉक्टर. शिवाय हँडिकॅप. घोडा जिंकला की पुढच्या वेळी त्याच्यावर जादा वजन चढतं आणि त्याची गाठ वरच्या दर्जाच्या घोड्यांशी पडते. कालपर्यंत पहिला येणारा घोडा आज चौथा येत असेल, तर जॉकी बिघडला असेल किंवा घोडा आपल्या ताकदीच्या शेवटच्या पायरीला पोचला असेल. स्टँडवरून या दोन गोष्टी सारख्याच दिसतात.

इंग्लंडमधलं अलीकडचं एक उदाहरण घेऊ. स्ट्रॅडिव्हेरियस या घोड्याने २०१८, २०१९ आणि २०२० असा सलग तीनदा अॅस्कॉटचा गोल्ड कप जिंकला. पाठीवर फ्रँकी डेटोरी. जून २०२२ मध्ये आठ वर्षांचा झालेला हा घोडा त्याच शर्यतीत तिसरा आला आणि किप्रिऑस नावाचा तरुण घोडा जिंकला. मालक बिऑन नीलसन आणि ट्रेनर जॉन गॉस्डेन या दोघांनीही डेटोरीच्या चालीवर उघड नाराजी दाखवली. काही दिवसांत डेटोरी आणि गॉस्डेन यांचं एकत्र काम थांबल्याची बातमी आली. पुढच्याच महिन्यात गुडवुड कपला स्ट्रॅडिव्हेरियसवर आंद्रेआ अॅटझेनी बसला. घोडा जिवाच्या आकांताने पळाला आणि मानेच्या अंतराने हरला, पुन्हा त्याच किप्रिऑसकडून. नव्या जॉकीने घोडा एक क्रमांक वर आणला, हे मान्यच करायला हवं. पण समोरचा घोडा सरस होता, ही गोष्ट जॉकी बदलून बदलली नाही. स्ट्रॅडिव्हेरियसची ती शेवटची शर्यत ठरली. डेटोरी आणि गॉस्डेन तोवर पुन्हा एकत्र आले होते, आणि जून २०२३ मध्ये त्याच गॉस्डेनच्या तबेल्यातल्या करेज मॉन अमी या घोड्यावर बसून डेटोरीने पुन्हा गोल्ड कप जिंकला. तोडलेला धागा वर्षभरात कामी आला.

आपल्याकडच्या मोठ्या रेसकोर्सवर सपाट शर्यतीच पळवल्या जातात. जिथे अडथळे ओलांडायचे असतात तिथे जॉकीचं नशीब आणखी उघड्यावर असतं. लिव्हरपूलजवळच्या एंट्री मैदानावरच्या ग्रँड नॅशनल शर्यतीत तीस अडथळे. २००५ साली जे. पी. मॅकमॅनस यांचा क्लॅन रॉयल हा घोडा दुसऱ्या फेरीत पुढे होता. पाठीवर टोनी मॅकॉय. बीचर्स ब्रुक या अडथळ्यापाशी स्वार गमावलेले मोकळे घोडे आडवे आले आणि त्यांनी क्लॅन रॉयलला वाटेबाहेर रेटलं. संपलं. मॅकॉयला ही शर्यत काही केल्या मिळत नव्हती. याला नॅशनल पावत नाही, असं म्हणायला मॅकमॅनस मोकळे होते. त्यांनी माणूस बदलला नाही. २०१० मध्ये, पंधराव्या प्रयत्नात, मॅकॉयने त्यांच्याच डोन्ट पुश इट या घोड्यावर ग्रँड नॅशनल जिंकली. घोड्याचे ट्रेनर होते जॉन्जो ओ'नील. स्वतः जॉकी असताना त्यांना ही शर्यत एकदाही पुरी करता आली नव्हती.

हा मॅकॉय वीस मोसम ओळीने अव्वल जॉकी होता आणि त्याने चार हजार तीनशेहून अधिक शर्यती जिंकल्या. तरी चारांतल्या साधारण तीन वेळा तो हरून परतत होता. अव्वल माणसाचा हिशेब हा असेल, तर मधल्या फळीतल्या जॉकीच्या चार-पाच पराभवांवरून निकाल लावणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा नाही, भात शिजण्याआधीच पातेलं उतरवणं आहे.

मग ओळखायचं कसं?

घोड्याच्या पाठीवर मन खचलेला माणूस बसला की ते आधी घोड्याला कळतं. लगाम म्हणजे घोड्याचं तोंड आणि माणसाची बोटं यांच्यामधली बोलती दोरी आहे. धीर असलेला जॉकी वाट पाहतो. हात शांत, पाठ आडवी, घोडा त्याच्याखाली श्वास धरून पळतो. धीर सुटलेला जॉकी दोन चुका करतो. एक तर फार लवकर घोडा सोडतो, कारण मागे अडकलो तर लोक काय म्हणतील ही भीती. नाहीतर गर्दीत शिरण्याचं टाळून बाहेरून लांबचा वळसा घेतो आणि वळणावर जे अंतर गमावतो ते सरळ पट्ट्यात भरून निघत नाही. अडथळ्यांच्या शर्यतीत तो उडीआधी अंदाज घेत बसतो, घोडा बिचकतो आणि उडी तोकडी पडते. निकालाच्या कागदावर यातलं काहीही नसतं. तिथे फक्त आकडा असतो, सहावा. समोरून घेतलेलं चित्रीकरण दोनदा पाहिलं तर हे सगळं दिसतं. निकाल पाहून जॉकी बदलणाऱ्या मालकाने आधी ते चित्रीकरण पाहावं, तेही ट्रेनरला शेजारी बसवून. आणि एकदा मोतद्दाराला विचारावं. घोड्याला रोज हात लावणारा माणूस तोच असतो, आणि त्याला कुणी विचारत नाही.

या मुलखातल्या शर्यती बैलांच्या. विदर्भ-मराठवाड्यात शंकरपट, सातारा-सांगलीकडे छकडे, खेड-जुन्नरकडे घाटातला बैलगाडा. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या साडेसात वर्षांत हौशी माणसांनी खिल्लारं गोठ्यात बांधून पोसली. बैल पोसता येतो. गाडीवानाचा हात कुठे पोसणार? तो मैदानावरच तयार होतो. आता काठी नाही, चाबूक नाही, विजेचा झटका नाही. उरते ती हाक, आणि जोडीशी जमलेली ओळख. बैल ओळखीच्या हाकेला पळतो, ही गोष्ट इथे शेतावरच्या पोरालाही ठाऊक असते. एक मैदान गेलं की गाडीवान बदलणाऱ्या मालकाची जोडी दर खेपेला परक्या हाकेने पळत असते. घोड्याचं यापेक्षा वेगळं काही नसावं.

आता गोरोबाकाकांची गोष्ट.

परंपरा सांगते, एकदा त्यांच्या घरी संतांचा मेळा जमला. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई, नामदेव. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातली थापटी पाहून विचारलं, हे काय? काका म्हणाले, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमचीही पारख करा, असं ठरलं. काका थापटी घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकत गेले. सगळे शांत बसून राहिले. नामदेवांना ते सोसलं नाही, ते चिडले. काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं.

ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबवली जाते. तेरच्या माणसाने ती पुढे सांगायला हवी. कुंभाराच्या घरी कच्चं मडकं उकिरड्यावर जात नाही. पक्क्या मडक्यावर बोट मारलं तर खणखणीत आवाज येतो, कच्च्याचा बद्द येतो. बद्द आवाज आला की कुंभार ते आव्यात ठेवतो. फोडायचं ते तडकलेलं, आणि तडा ओळखायचा तर मडकं हातात घेऊन उजेडात फिरवावं लागतं. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, त्यांना गुरू मिळाला. पुढे ते पंजाबपर्यंत पोचले. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. कच्चं ठरलं ते मडकं हे.

मालकहो, आपल्यासमोर हरणारा जॉकी उभा असतो तेव्हा तो यातला कोणता, हे आपण पाहता का? नवखा पोरगा असेल तर त्याला आव्याची आच हवी आहे, म्हणजे आणखी शर्यती. शिकाऊ जॉकीला वजनात सूट मिळते. अनेक मालक ती सूट संपेपर्यंत त्याला वापरतात आणि संपली की विसरतात. जाणता असून नशिबाने हरत असेल तर तो पक्काच आहे, त्याला मोसमभर ठेवा.

आणि तडा गेला असेल तर? इथे या पत्राचं म्हणणं उलट आहे. तडा गेलेला जॉकी मालकाने स्वतः होऊन उतरवला पाहिजे, तो नको म्हणाला तरी. वजन कमी ठेवण्यासाठी उपाशी राहून, घाम गाळून, अंगातलं पाणी काढून जॉकी काट्यावर उभा राहतो. डोक्याला मार लागलेला माणूसही मी ठीक आहे म्हणतो, कारण आज बसला नाही तर उद्या त्या घोड्यावर दुसरा असेल ही भीती त्याला असते. ही भीती त्याच्या मनात आपणच घातली आहे. १९७९ साली महालक्ष्मीवर शर्यतीत घोडीवरून पडून कार्ल उमरीगर हा गुणी, कोवळा जॉकी गेला. त्याच्या आई नॅन उमरीगर यांनी पुढे त्याच्यावर पुस्तक लिहिलं. ज्या धंद्यात पडणं म्हणजे कधीकधी मरणं असतं, तिथे धडधाकट नसलेल्या माणसाला घोड्यावर चढवणं ही निष्ठा नव्हे.

तडा गेलेल्या माणसाला सन्मानाने कसं उतरवावं, याचा एक दाखला आहे. २४ मार्च १९५६, ग्रँड नॅशनल. ब्रिटनच्या राणीमातेचा डेव्हन लॉक हा घोडा तिसांच्या तीस अडथळे पार करून पुढे होता. शेवटचा खांब पन्नास-एक यार्डांवर. तिथे घोड्याचे पाय एकाएकी फाकले, तो पोटावर बसला आणि मागून येऊन ई. एस. बी. जिंकला. कारण आजतागायत कुणाला नक्की सांगता आलेलं नाही. पाठीवर डिक फ्रान्सिस होता. राणीमातेने त्याला बोल लावला नाही आणि त्या निकालावरून त्याला काढलंही नाही. पुढच्या वर्षी फ्रान्सिस घोड्यावरून पडला, जबर मार लागला. तेव्हा राणीमातेचे शर्यतीतले सल्लागार लॉर्ड अबरगॅव्हेनी यांनी त्याला समक्ष बोलावून सांगितलं की नाव आहे तोवर थांब. फ्रान्सिसला ते फार लागलं. पण तो थांबला, वर्तमानपत्रात शर्यतींवर लिहू लागला आणि १९६२ पासून रहस्यकथा लिहू लागला. चाळीसहून अधिक पुस्तकं त्याच्या नावावर झाली. निकालावरून काढणं आणि शरीरासाठी थांबवणं यातला फरक या एका माणसाच्या बाबतीत स्वच्छ दिसतो.

सगळ्यांचं असं होत नाही. डिसेंबर १९६३ मध्ये टिम ब्रुकशॉ आणि काही महिन्यांनी १९६४ च्या ग्रँड नॅशनलमध्ये पॅडी फॅरेल, दोघेही एंट्रीच्या मैदानावरच पडले आणि पांगळे झाले. त्यांच्यासाठी लोकांनी पैसे गोळा केले आणि त्यातून जखमी जॉकींसाठी कायमचा निधी उभा राहिला. तो आजही चालतो. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ चं आहे. एवढ्या जुन्या मैदानावर घोडे पळवणाऱ्या मालकांनी जॉकी बदलायच्या आधी बदललेल्या जॉकीचं पुढे काय होतं, याचीही चौकशी करावी. त्याचं घर कसं चालतं, डोक्याच्या दुखण्याला डॉक्टर कोण, सकाळच्या सरावाला तरी त्याला बोलावतात का.

तेव्हा निवाडा असा की हरतो म्हणून जॉकी बदलू नये. का हरतो ते कळल्यावर बदलावा, आणि कळायला किमान अर्धा मोसम लागतो. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई, असे दोन मोसम आपल्या हातात असतात. एवढी मुदत त्याला सहज देता येते.

पॅडॉकमधला एक क्षण आपण शेकडो वेळा पाहिला असेल. जॉकी आपल्या रंगांचा सदरा घालून येतो, टोपीला दोन बोटं लावतो. ट्रेनर दोन वाक्यांत चाल सांगतो. मग वाकून त्याच्या डाव्या गुडघ्याखाली हात देतो आणि त्याला वर उचलतो. जॉकी मांड ठोकतो, पायाच्या बोटांनी रिकीब शोधतो, तंग चाचपतो. त्या क्षणी त्याच्या डोक्यात शर्यत असली पाहिजे. पुढच्या यादीत आपलं नाव असेल का, हा विचार नको.

बदल करायचाच ठरला, तर एवढी विनंती माना. यादी छापायला जाण्याआधी त्याला स्वतः फोन करा, किंवा सकाळी सरावाच्या वेळी रेसकोर्सवर गाठा, आणि कारण सांगा.